जुन्या कॅमेऱ्याचा रोल कुठे मिळेल? मीडियम फॉरमॅटच्या बंद पडलेल्या फिल्म: शोध आणि वापर



भारतवारीत आई-वडिलांचे घर आवरताना कपाटाच्या वरच्या फळीवर चामड्याच्या पाकिटात एखादा कॅमेरा सापडतो. आगफा क्लिक थ्री, कोडॅकचा डबा, नाहीतर काकांचा याशिका. इथे अमेरिकेत गराज सेलमध्येही असे कॅमेरे पाच-दहा डॉलरला मिळतात. मग प्रश्न येतो, "ह्याचा रोल आता मिळतो का?" बरेचजण "आता कुठला मिळायला!" म्हणून कॅमेरा शोकेसमध्ये ठेवून देतात किंवा टाकून देतात.

हा प्रश्न आपल्या मंडळात वारंवार विचारला जातो, म्हणून सर्व माहिती एका जागी देत आहोत. सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगतो. पहिली, कॅमेरा किती जुना आहे ह्यापेक्षा तो कोणत्या क्रमांकाचा रोल घेतो हे महत्त्वाचे. शंभर वर्षांच्या कॅमेऱ्याचा रोल आज दुकानात मिळू शकतो आणि पन्नास वर्षांच्या कॅमेऱ्याचा मिळणार नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: नवीन रोल शोधण्याआधी आत जुना रोल आहे का ते पाहा. कॅमेरा दुसरा मिळेल, आतला फोटो मिळणार नाही.

१. कॅमेरा उघडण्यापूर्वी

जुन्या रोल-कॅमेऱ्यांच्या पाठीला बहुधा एक छोटी लाल खिडकी असते. तिच्यातून आतल्या कागदावरचा आकडा दिसतो. आकडा, बाण, ठिपके किंवा नुसता कागद दिसला तरी आत रोल आहे असे समजा. काहीच दिसत नसेल तर चावी अगदी हळू फिरवून पाहा. ताण जाणवला तरी आत रोल आहे. याशिकासारख्या काही कॅमेऱ्यांना लाल खिडकी नसते, तिथे ताणावरूनच ओळखावे लागते.

रोल असेल तर:

• पाठ उघडू नका. मुलांनाही तसे सांगून ठेवा, कारण पहिला हात त्यांचाच जातो.
• उरलेले फोटो काढून रोल "संपवण्याचा" मोह टाळा. इतक्या जुन्या फिल्मवर नवे फोटो नीट येत नाहीत.
• चावी हळूहळू शेवटपर्यंत फिरवा. ताण संपून ती सैल फिरू लागली की कागदाचे शेवटचे टोक गुंडाळले गेले.
• उन्हात नव्हे, अंधुक खोलीत पाठ उघडा. रोल सैल होऊ न देता घट्ट धरा, चिकटपट्टी लावा आणि ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा.
• चावी अडली तर जोर लावू नका. जुना कागद फाटतो. अशा वेळी पूर्ण अंधारात किंवा चेंजिंग बॅगेत कॅमेरा उघडावा, किंवा कॅमेरा तसाच लॅबकडे द्यावा.
• रोलवरची सर्व अक्षरे उतरवून घ्या. विशेषतः "प्रोसेस" ह्या शब्दापुढे काय लिहिले आहे ते पाहा. पुढे त्याचे काम पडते.
• कॅमेऱ्यातली रिकामी धातूची रीळ (स्पूल) टाकू नका. काही कॅमेऱ्यांच्या बाबतीत कॅमेऱ्यापेक्षा ती मिळणे कठीण असते.

२. क्रमांक कसा ओळखावा?

कोडॅकने आपल्या रोलना ओळीने क्रमांक दिले आणि पुढे इतर कंपन्यांनीही तेच वापरले. १२० म्हणजे १२० मिलिमीटर नव्हे किंवा १२० फोटोही नव्हेत. ते नुसते नाव आहे.

बहुतेक कॅमेऱ्यांच्या आत, पाठीच्या दारावर किंवा रिळेच्या खाचेजवळ कोणता रोल वापरावा ते छापलेले असते. काही वेळा नावातच क्रमांक असतो. कोडॅकच्या "सिक्स-२०" कॅमेऱ्याला ६२० लागतो, "सिक्स-१६" ला ६१६.

काहीच लिहिलेले नसेल तर फिल्म ज्या चौकटीवरून सरकते तिची रुंदी मोजा. साधारण ५६ मिलिमीटर म्हणजे १२० किंवा ६२०. सुमारे ४० म्हणजे १२७. सुमारे ६४ म्हणजे ११६ किंवा ६१६. १२० की ६२० हा प्रश्न उरलाच तर १२० ची रिकामी रीळ बसते का ते पाहा. सहज बसून चावीबरोबर फिरली तर तो १२० चा कॅमेरा.

३. कोणता रोल बंद, कोणता चालू?

१२०: हा १९०१ साली कोडॅकने "नंबर टू ब्राउनी" कॅमेऱ्यासाठी आणला आणि आजही सर्रास मिळतो. आपल्याकडच्या घरांतले बरेच कॅमेरे ह्याच रोलचे आहेत: आगफा क्लिक थ्री, आगफा गेवाबॉक्स, रोलीफ्लेक्स, याशिका-मॅट, लग्नाच्या फोटोग्राफरांचे मामिया सी-२२० आणि सी-३३०. म्हणजे "बंद पडला" म्हणून बाजूला ठेवलेल्या कॅमेऱ्याचा रोल बहुधा बंद पडलेलाच नसतो! एका रोलवर चौकोनी ६×६ सेंटिमीटरचे १२ किंवा ६×९ चे ८ फोटो येतात. कोडॅकच्या पोर्ट्रा, एक्टार, ट्राय-एक्स, इंग्लंडमध्ये बनणाऱ्या इलफर्डच्या एचपी५ प्लस आणि एफपी४ प्लस, चेक प्रजासत्ताकातील फोमापान ह्या सर्व फिल्म १२० मध्ये मिळतात. कोडॅकने तर २०२२ साली गोल्ड २०० ही स्वस्तातली रंगीत फिल्म नव्याने १२० मध्ये आणली.

६२०: कोडॅकने हा १९३२ च्या सुमारास काढला आणि १९९५ साली बंद केला. फिल्म व कागद अगदी १२० चाच, फक्त रिळेची दांडी बारीक आणि कडेच्या चकत्या किंचित लहान. अमेरिकेतल्या गराज सेलमध्ये दिसणारे ब्राउनी हॉकआय आणि डुआफ्लेक्स हे ६२० चे कॅमेरे. फिल्म चालू आहे, फक्त रीळ बंद आहे, त्यामुळे ही अडचण सोडवता येते. कृती पुढे दिली आहे.

१२७: १९१२ साली "व्हेस्ट पॉकेट कोडॅक" ह्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याबरोबर आलेला रोल. फिल्मची रुंदी ४६ मिलिमीटर. छोटा रोलीफ्लेक्स, याशिका-४४ आणि ब्रिटनमध्ये बनलेला ब्राउनी १२७ हे ह्या रोलचे कॅमेरे. कोडॅकने तो १९९५ साली थांबवला. त्यानंतर क्रोएशियातील फोटोकेमिका कंपनी "एफके" नावाने १२७ बनवत होती, तीही २०१२ साली थांबली. जपानमधून "रेरा" नावाने १२७ चे रोल निघाले आहेत. काही छोटे व्यावसायिक रुंद फिल्म कापूनही हा रोल तयार करतात. पुरवठा कधी असतो, कधी नसतो, म्हणून दिसला की दोन घेऊन ठेवावेत.

११६ आणि ६१६: ११६ हा १८९९ चा, ६१६ हा १९३२ चा. दोन्ही १९८४ साली बंद झाले. फिल्म ७० मिलिमीटर रुंद असे. आज १२० चा रोल दोन्ही टोकांना जोडतुकडे लावून वापरतात. थ्री-डी प्रिंटरवर बनवलेले असे तुकडे इंटरनेटवर विकत मिळतात. फोटो लांबट येतात आणि एका रोलवर साधारण सहाच बसतात. कागदावरचे आकडे ह्या लांबीशी जुळत नाहीत, म्हणून एक वाया गेलेला रोल घालून चावी किती फिरवायची ते आधी मोजून लिहून ठेवावे.

२२०: १९६५ साली आलेला हा १२० चा लांब भाऊ. फिल्म दुप्पट, म्हणजे ६×६ चे २४ फोटो. एवढी लांबी रिळेत मावावी म्हणून फिल्मच्या पाठचा कागद काढून फक्त दोन्ही टोकांना ठेवला आहे. त्यामुळे लाल खिडकीच्या कॅमेऱ्यात २२० कधीही घालू नये, खिडकीतून येणारा प्रकाश थेट फिल्मवर पडतो. मोठ्या कंपन्यांनी हा रोल बनवणे थांबवले. चीनमधील शांघाय जीपी३ ही कृष्णधवल फिल्म मात्र अलीकडे २२० मध्येही निघाली आहे. याशिका-मॅट १२४ आणि १२४-जी मध्ये दोन्ही रोल चालतात. आतली दाबपट्टी १२० वर सरकवली की नेहमीचा रोल वापरता येतो, २२० वाचून काही अडत नाही.

४. १२० चा रोल ६२० च्या रिळेवर कसा चढवावा?

तयार ६२० रोल अमेरिकेत "फिल्म फोटोग्राफी प्रोजेक्ट" सारखे विक्रेते देतात, पण ते साध्या १२० पेक्षा महाग पडतात. घरी करायचे असेल तर ६२० च्या दोन रिकाम्या रिळा आणि एक चेंजिंग बॅग लागते. डार्करूम नसली तरी चालते. रात्री खिडकी नसलेल्या, दाराच्या फटी बुजवलेल्या क्लॉझेटमध्येही जमते.

१) आधी उजेडात एक वाया गेलेला रोल घेऊन दोन-तीन वेळा सराव करा. ही पायरी गाळू नका.

२) अंधारात १२० चा रोल उघडा आणि कागदाचे टोक पहिल्या ६२० रिळेत खोचून गुंडाळू लागा. थोड्या वेळाने हाताला फिल्म लागेल. तिचे हे टोक कागदाला चिकटवलेले असते. दुसरे टोक मोकळे असते.

३) सर्व रोल पहिल्या रिळेवर आला की तो उलटा झालेला असतो. म्हणून आता कागदाचे बाहेरचे टोक दुसऱ्या ६२० रिळेत खोचून पुन्हा गुंडाळा. फिल्मचे मोकळे टोक आल्यावर ते कागदाबरोबर सरळ आत जाते आहे ना, ते बोटांनी तपासा.

४) शेवटी चिकटवलेल्या टोकापाशी फिल्मला बहुधा फुगवटा येतो. चिकटपट्टी हळूच उचलून फिल्म सपाट करा आणि पट्टी पुन्हा बसवा. अंगठ्याने जोरात दाबून गुंडाळू नका, फिल्मवर चंद्रकोरीसारखे डाग पडतात.

५) उरलेला कागद घट्ट गुंडाळून टोकाला चिकटपट्टी लावा. मोकळी झालेली पहिली रीळ कॅमेऱ्यात समोरच्या बाजूला, रोल गुंडाळून घेण्यासाठी वापरा.

कागद तोच असल्यामुळे लाल खिडकीतले आकडे बरोबर दिसतात. काहीजण १२० च्या प्लॅस्टिक रिळेच्या चकत्या नेलकटरने कातरून ती तशीच ६२० च्या कॅमेऱ्यात बसवतात. काही कॅमेऱ्यांत ते चालते, काहींत रोल मध्येच अडकतो. घरातल्या जपून ठेवलेल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये.

लॅबला रोल देताना पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: "६२० ची रीळ परत हवी." लॅबमध्ये रिकामी रीळ कचऱ्यात टाकण्याची पद्धत आहे. रीळ गेली की पुढचा रोल कशावर चढवणार?

५. मुदत संपलेले जुने रोल घ्यावेत का?

लिलावाच्या वेबसाइटवर खोक्यात बंद असलेले मूळ ६२० आणि १२७ चे रोल दिसतात. कोडॅकने हे १९९५ साली बंद केले असल्याने त्यातला सर्वांत ताजा रोलही तीस वर्षे जुना आहे. फिल्मवर काळोखी चढते, रंग फिके आणि विचित्र येतात, कागदावरचे आकडे फिल्मवर उमटतात. कृष्णधवल रोल रंगीतपेक्षा चांगले टिकतात, आणि फ्रीजमध्ये ठेवलेले माळ्यावर ठेवलेल्यांपेक्षा. दर दहा वर्षांमागे एक स्टॉप जादा प्रकाश द्यावा असा ठोकताळा आहे, पण तो केवळ ठोकताळाच आहे. मुंजीचे, बारशाचे किंवा आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो अशा रोलवर काढू नयेत. एका दृष्टीने मात्र हे रोल उपयोगी आहेत: त्यांच्यासोबत मूळ रीळ आणि कागद मिळतो.

६. कॅमेऱ्यात सापडलेला रोल कसा धुवावा?

इथे चुकीची लॅब गाठली तर फोटो कायमचे जातात. रोलवरचे लेबल पाहून ठरवा:

• कृष्णधवल: सर्वांत जास्त आशा ह्याच रोलकडून. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा "इंदू", पूर्व जर्मनीचा "ऑर्वो", आगफा, कोडॅक, कोणताही असो, आजच्या रसायनांत धुता येतो. जुने रोल धुण्याचा अनुभव असलेली लॅब निवडा.

• सी-४१: १९७२ पासूनची रंगीत निगेटिव्हची पद्धत, आजही चालू आहे. रंग फिके येतील, पण चित्र येण्याची शक्यता बरी.

• सी-२२: सी-४१ च्या आधीची पद्धत, कोडाकलर-एक्स सारख्या रोलची. हा रोल चुकूनही सी-४१ च्या यंत्रात जाऊ देऊ नका. सी-४१ चे रसायन सुमारे ३८ अंश सेल्सियसला असते, जुनी फिल्म ह्याहून बऱ्याच कमी तापमानासाठी बनवलेली. तिच्यावरचा थर सुटून येऊ शकतो. आज असे रोल कृष्णधवल पद्धतीने धुतात. रंग मिळत नाहीत, माणसे मिळू शकतात.

• कोडाक्रोम: ह्या स्लाइड फिल्मची रंगीत धुलाई करणारी जगातली शेवटची लॅब कॅन्ससमधील पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. २०१० च्या डिसेंबरअखेरीस तिनेही रोल स्वीकारणे थांबवले. आता कोडाक्रोमही कृष्णधवल म्हणूनच धुता येतो.

फक्त जुन्या, सापडलेल्या रोलचे काम करणाऱ्या लॅब आहेत, उदाहरणार्थ कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतातली फिल्म रेस्क्यू इंटरनॅशनल. खर्च जास्त आणि वाट पाहणे मोठे, पण घरात एकच रोल असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. काही रोल पूर्ण काळे निघतात, काहींवर दोन-चार अंधुक चेहरे येतात. ते कोणाचे, हे सांगू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे. म्हणून रोल "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवू नका. फोटो आले की आत्या-मामांना लगेच पाठवा आणि नावे लिहून घ्या.

७. भारतातून रोल आणताना

मुंबई-पुण्यात आजही १२० चे रोल धुणाऱ्या लॅब आहेत. रोल साधा कृष्णधवल किंवा सी-४१ असेल आणि मुक्काम पुरेसा असेल तर तिथेच धुवून घेणे उत्तम. धुतलेल्या निगेटिव्हला क्ष-किरणांची भीती नाही.

न धुतलेला रोल आणायचा असेल तर:

• तो चेक-इन बॅगेत कधीही टाकू नका. तिथल्या यंत्रांचे क्ष-किरण तीव्र असतात.
• हातातल्या सामानात, पारदर्शक पिशवीत वेगळा ठेवा. अनेक विमानतळांवर आता हँडबॅगेलाही सीटी स्कॅनर आले आहेत आणि तेही फिल्म खराब करतात.
• सुरक्षा तपासणीत हाताने तपासण्याची नम्र विनंती करा. अमेरिकेतील विमानतळांवर टीएसए ही विनंती सहसा मान्य करते. भारतात किंवा वाटेतल्या थांब्यावर ती मान्य होईलच असे नाही, म्हणून थोडा जादा वेळ हाताशी ठेवा.
• कॅमेऱ्यात रोल असेल तर तो वरील पद्धतीने आधी काढून घ्या. आत काय आहे ते पाहण्यासाठी अधिकारी कॅमेरा उघडायला सांगू शकतात.

८. नवा रोल घातल्यावर

• लाल खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा. पूर्वीच्या बऱ्याच फिल्मना लाल प्रकाश दिसत नसे, आजच्या फिल्मना दिसतो. चावी फिरवतानाच पट्टी उचलावी, तीही सावलीत.
• डबा-कॅमेऱ्याचा शटर साधारण १/३० ते १/५० सेकंदाचा असतो. आयएसओ १०० ची निगेटिव्ह फिल्म आणि बाहेरचे ऊन हा त्याचा मेळ. घरात, ट्यूबलाइटखाली फोटोची अपेक्षा ठेवू नका. स्लाइड फिल्म टाळा.
• माणसे पाच-सहा फुटांपेक्षा जवळ घेऊ नका, कॅमेरा पोटाशी घट्ट धरा आणि खटका हळू दाबा.
• प्रत्येक फोटोनंतर लगेच चावी फिरवण्याची सवय ठेवा, नाहीतर एकावर एक दोन फोटो येतात.
• पहिला रोल चाचणीचा समजा. भाता असलेल्या घडीच्या कॅमेऱ्यात अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावून भोके आहेत का ते आधी पाहा.

थोडक्यात क्रम असा: आतला रोल वाचवा, क्रमांक वाचा, रीळ जपा, मग नवा रोल घ्या. १२० असेल तर ह्या आठवड्यातही फोटो काढता येतील. ६२० असेल तर एका संध्याकाळचे काम. १२७ आणि ११६ ला थोडी शोधाशोध, पण अशक्य काहीच नाही.

बारा फोटोंचा रोल मुलांच्या हाती देऊन पाहा. एकेका फोटोआधी ती थांबतात, विचार करतात आणि "हा कॅमेरा कोणाचा होता?" असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर देणारे कोणी घरात असेपर्यंत कॅमेरा कपाटातून खाली काढावा, एवढीच आमची विनंती.

ह्या लेखात न आलेला कॅमेरा आपल्याकडे असेल तर त्याच्या आत छापलेला क्रमांक आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्याची माहिती देऊ.